जीवाणूभक्षी विषाणूची शेपटी: आधी ताण, मग बाण

सूक्ष्मदर्शी:

मागे एका धाग्यावर फाजचा, म्हणजे जीवाणूंना गाठून मारणाऱ्या विषाणूंचा, विषय निघाला होता. कुणीतरी चित्रही टाकलं होतं: वर पैलूदार डोकं, खाली दांडा, दांड्याच्या बुडाशी कोळ्यासारखे सहा पाय. डीएनए डोक्यात असतो म्हणून सगळी चर्चा डोक्याकडेच वळली. मला त्या दांड्याबद्दल, म्हणजे शेपटीबद्दल लिहायचं आहे. आयुष्यातली काही वर्षं मी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या शेपट्या पाहण्यात घालवली आहेत. त्या कशा बांधल्या जातात हे समजल्यापासून त्यांच्याबद्दलचं माझं कुतूहल कमी न होता वाढतच गेलं.

सुरुवात एका फसलेल्या नमुन्यापासून करतो. नवीन असताना माझ्या हातून युरियाचं द्रावण हवं त्याहून तीव्र झालं आणि त्यात टी४ नावाच्या फाजचा नमुना गेला. पडद्यावर पाहतो तर ज्या शेपट्या आदल्या दिवशी ताठ, लांब, रेखीव होत्या त्या सगळ्या आखडलेल्या. बाहेरचं म्यान निम्म्याहून कमी लांबीचं आणि जाडजूड होऊन वर सरकलेलं, आतली नळी खाली उघडी पडलेली. आसपास एकही जीवाणू नव्हता. तरीही प्रत्येक शेपटीने वार करून टाकला होता. त्या दिवशी लक्षात आलं की ही शेपटी शिथिल अवस्थेत तयार होऊन नंतर कुणी ताणलेली नसते. ती बांधली जाते तीच ताणलेल्या अवस्थेत. मग बांधताना ती सुटत कशी नाही? हा धागा या प्रश्नासाठी आहे.

आधी रचना. टी४ चं डोकं साधारण १२० नॅनोमीटर उंच आणि ८६ नॅनोमीटर रुंद. शेपटी जेमतेम १०० नॅनोमीटर. माणसाच्या एका केसाच्या जाडीत अशा आठशे-हजार शेपट्या टोकाला टोक लावून मावतील. शेपटीत मधोमध पोकळ नळी. तिच्याभोवती म्यान, आणि हे म्यान एकाच प्रथिनाच्या १३८ प्रतींचं: सहा-सहांची एक अशी २३ कडी एकावर एक. बुडाशी षटकोनी बैठक, जिला सगळे बेसप्लेटच म्हणतात. बेसप्लेटच्या मध्यातून खाली निघालेला टोकदार खिळा. कडेला सहा लांब तंतू आणि पोटाशी दुमडून ठेवलेले सहा आखूड तंतू. टी४ चा डीएनए सुमारे १ लाख ६९ हजार अक्षरांचा आहे आणि त्यातली वीसहून अधिक जनुकं एकट्या शेपटीच्या कामाला लागतात.

वार असा होतो. लांब तंतू जीवाणूच्या पृष्ठभागावर पकड घेतात. बैठक खाली टेकते, आखूड तंतू उलगडून तिला जखडतात आणि षटकोनी बैठक पसरून चांदणीसारखी होते. तिचा व्यास सुमारे ५२ नॅनोमीटरवरून ६१ वर जातो. त्याबरोबर म्यान खालून वर कड्यामागून कडं आखडत जातं आणि नळी जीवाणूच्या आवरणात खुपसली जाते. खिळ्याच्या अंगातच लायसोझाइम हे विकर असतं. ते जीवाणूची भिंत विरघळवतं आणि डीएनएला वाट मिळते.

आता बांधणीकडे या. जीवाणूच्या पेशीत ही सगळी प्रथिनं एकाच वेळी, एकाच रश्श्यात तरंगत असतात. त्यातून हे उभं राहतं कसं? ज्यांना माहीत आहे त्यांनी भर घालावी.

---

अक्षरओळख:

सुंदर विषय. मी जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे हे चित्र फळ्यावर शेकडो वेळा काढलं आहे. पण बांधणीचा क्रम कधी सांगितला नाही, कारण मलाच तो नीट ठाऊक नव्हता.

पहिला प्रश्न अगदी साधा आहे. मुकादम कोण? अमुक आधी, तमुक नंतर हे प्रथिनांना सांगणारं कुणीतरी लागेल ना? की जनुकं त्याच क्रमाने चालू होतात?

---

सूक्ष्मदर्शी:

मुकादम नाही. जनुकांच्या वेळापत्रकाने हा क्रम ठरत असेल असं वाटणं साहजिक आहे, पण डोकं, शेपटी आणि तंतू यांची जनुकं संसर्गाच्या उत्तरार्धात जवळपास एकत्रच काम करतात. क्रम ठरतो तो प्रथिनांच्या आकारातून.

हे समजलं कसं ती गोष्ट सांगण्यासारखी आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रॉबर्ट एडगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टी४ चे असे बदललेले प्रकार गोळा केले होते ज्यांत एकेका जनुकाचं काम मधेच तुटतं. या प्रकारांना अंबर म्हणतात. हॅरिस बर्नस्टाइन नावाच्या विद्यार्थ्याच्या आडनावाचा जर्मन अर्थ अंबर, त्यावरून हे नाव पडलं. अंबर प्रकार एका जातीच्या जीवाणूत नीट वाढतो. दुसऱ्या जातीत त्याचं ते एक जनुक निकामी ठरतं आणि बांधकाम अर्धवट राहतं. ते अर्धवट बांधकाम सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचं.

डोक्याचं मुख्य प्रथिन निकामी केलं तर पेशीत डोकी नाहीत, पण पूर्ण शेपट्या सापडतात. शेपटीचं जनुक निकामी केलं तर भरलेली डोकी सापडतात, शेपट्या नाहीत. म्हणजे डोकं, शेपटी आणि तंतू या तीन ओळी एकमेकींची वाट न पाहता चालतात. १९६६ साली एडगर आणि विल्यम वुड यांनी पुढचं पाऊल टाकलं. एका पेशीतला डोक्यांचा अर्क आणि दुसऱ्या पेशीतला शेपट्यांचा अर्क त्यांनी नळीत एकत्र केला आणि त्यात संसर्ग करू शकणारे पूर्ण विषाणू तयार झाले. जिवंत पेशीशिवाय. डोकं आणि शेपटी आपणहून जुळली, आणि एकदा जुळली की सुटत नाहीत.

एक बारकावा मला फार आवडतो. लांब तंतू सुट्या शेपटीला लागत नाहीत. डोकं आणि शेपटी जुळल्यावरच लागतात. मला वाटतं यात शहाणपण आहे, कारण डोकं नसलेल्या शेपटीला पाय फुटले असते तर ती डीएनएशिवायच जीवाणूला जाऊन चिकटली असती.

---

शंकेखोर:

"आपणहून जुळली" हा शब्दप्रयोग मला खटकतो. लांब तंतूंच्या घडणीत शॅपरोन, म्हणजे इतर प्रथिनांची घडी नीट पडायला मदत करणारी, प्रथिनं लागतात असं वाचल्याचं आठवतं. मग आपणहून कसं?

---

रसायनी:

शंकेखोर यांचा मुद्दा रास्त आहे. टी४ च्या लांब आणि आखूड अशा दोन्ही तंतूंना प्रथिन ५७ए लागतं. लांब तंतूच्या टोकाकडच्या भागाला शिवाय प्रथिन ३८ लागतं. हे दोघे तयार विषाणूत सापडत नाहीत. घडी नीट पडेपर्यंत सोबत करतात आणि बाजूला होतात. प्रथिन ६३ तर तंतू बैठकीला जोडण्याचं काम लवकर व्हावं म्हणून आहे. तेव्हा "आपणहून" याचा अर्थ "कुणाच्याही मदतीशिवाय" असा घेऊ नये. अर्थ एवढाच की बाहेरून कुणी नकाशा धरून उभं नाही.

अक्षरओळख, तुमच्या मुकादमाच्या प्रश्नाचं खरं उत्तर बेसप्लेटमध्ये आहे. माझं काम प्रथिनांच्या जुळणीशी संबंधित आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

बेसप्लेट म्हणजे बैलगाडीचं चाक समजा. मध्ये तुंबा, भोवती सहा पाचरी. पाचरी आणि तुंबा वेगवेगळे बनतात आणि मग सहा पाचरी तुंब्याभोवती बसतात. एका पाचरीत प्रथिनं लागण्याचा क्रम असा: १०, मग ७, मग ८, मग ६, मग ५३, मग २५. हे आकडे जनुकांचे आहेत, जुळणीच्या क्रमाचे नाहीत, त्यामुळे ते उड्या मारतात. (प्रथिन ११ सुद्धा १० ला लागतं, पण ते या साखळीत अडसर घालत नाही.)

आता क्रम किती कडक आहे पाहा. जनुक ८ निकामी केलं तर १० आणि ७ जोडलेले सापडतात, पण ६, ५३ आणि २५ पेशीत भरपूर असूनही सुटेच तरंगत राहतात. त्यांना १० किंवा ७ शी थेट काही देणंघेणं नाही. योशिको किकुची आणि जोनाथन किंग यांनी १९७५ साली एकेक जनुक बंद करून, अर्धवट तुकडे वेगळे करून हा क्रम मांडला. किंग यांचं शेपटीच्या जुळणीवरचं पहिलं मोठं काम त्याआधी, १९६८ चं.

हे होतं कसं? ७ हे १० ला जोडलं जातं तेव्हा दोघांच्या पृष्ठभागांतून अशी एक खाच तयार होते जी आधी दोघांपैकी कुणाकडेच नव्हती. ८ त्या खाचेत बसतं. ८ बसलं की ६ साठी जागा तयार होते. म्हणजे पुढच्या प्रथिनाला कुणी थांबवून ठेवलेलं नाही, त्याची बसायची जागाच अजून अस्तित्वात आलेली नाही. स्वयंपाकघरात कुणी ओरडून क्रम सांगत नाही, पण कणीक मळल्याशिवाय पोळी लाटता येत नाही, तसंच.

तुंब्यात ५ आणि २७ या प्रथिनांच्या तीन-तीन प्रती असतात. ५ म्हणजेच तो लायसोझाइमवाला खिळा, आणि त्याच्या अगदी टोकावर प्रथिन ५.४ चं छोटं अणकुचीदार टोपण. बैठक पूर्ण झाली की ४८ आणि ५४ वर येऊन बसतात आणि त्यावर नळीचं पहिलं कडं चढतं. आधी पाया, मग भिंत.

---

अक्षरओळख:

रसायनी, "जागाच अजून अस्तित्वात आलेली नाही" हे वाक्य मी वर्गात वापरणार आहे. नाव सांगून.

---

पाऊलवाट:

मी जीवशास्त्रातला नाही, पण गणिताची गोडी आहे. सूक्ष्मदर्शी यांनी लिहिलं की म्यानात २३ कडी असतात. दर वेळी २३? कड्यावर कडं चढत जात असेल आणि प्रत्येक कडं सारखंच असेल तर चोविसावं का चढत नाही? बाविसाव्या आणि तेविसाव्या कड्यात फरकच नाही, तर थांबायचं हे कळतं कशावरून?

---

रसायनी:

पाऊलवाट, तुम्ही नेमक्या जागी बोट ठेवलंत. या प्रश्नाने संशोधकांना बरीच वर्षं झुलवलं. याचं सर्वात स्वच्छ उत्तर लॅम्डा नावाच्या दुसऱ्या फाजने दिलं.

लॅम्डाची शेपटी लांब, लवचीक, म्यान नसलेली. सुमारे १३५ नॅनोमीटर, ३२ कडी. तिथे एच नावाचं एक लांबच लांब प्रथिन आहे, ८५३ अमिनो आम्लांचं. शेपटीचं टोक आधी बनतं, एच त्यात एका बाजूने अडकतं आणि वरच्या दिशेने ताणलेलं राहतं. नळीची कडी त्याच्याभोवती ओवली जातात. एच संपलं की कडी चढणं थांबतं, यू नावाचं प्रथिन वर टोपण म्हणून बसतं आणि नळी बंद होते. म्हणजे एच ही मोजपट्टी. शेपटीची लांबी कुठे लिहिली आहे, तर एका जनुकाच्या लांबीत.

---

शंकेखोर:

पण हा निव्वळ तर्क वाटतो. दुसरीही शक्यता आहेच. प्रत्येक कडं चढताना नळीत थोडा ताण साठत जाईल आणि ठरावीक कड्यांनंतर पुढचं चढणं अवघड होईल. मग मोजपट्टीची गरज नाही. एच तिथे असतं म्हणून तेच मोजतं असं कसं म्हणायचं?

---

रसायनी:

ती शक्यता तेव्हाही गंभीरपणे चर्चेत होती, आणि तिचा निकाल प्रयोगाने लागला. इसाओ कात्सुरा आणि रॉजर हेंड्रिक्स यांनी १९८४ साली, आणि कात्सुरा यांनी १९८७ साली आणखी नेटकेपणाने, एच जनुकाचा मधला काही भाग कापून टाकला. बाकी काहीही बदललं नाही. नळीचं प्रथिन तेच, टोपण तेच. शेपट्या तोकड्या झाल्या आणि जितका तुकडा कापला त्याच प्रमाणात तोकड्या झाल्या. साठत जाणारा ताण हे कारण असतं तर एच कापल्याने कड्यांची संख्या बदलायला नको होती.

हिशेबही जुळतो. प्रथिनाची साखळी मळसूत्रासारखी वळलेली असेल तर दर अमिनो आम्लामागे लांबी ०.१५ नॅनोमीटरने वाढते. ८५३ गुणिले ०.१५ म्हणजे सुमारे १२८ नॅनोमीटर. शेपटी १३५ ची. वरचा फरक टोकाच्या भागांत जातो.

यू टोपण नसेल तर काय होतं हेही पाहण्यासारखं आहे. नळी मोजपट्टीच्या टोकापाशी अडखळते, पण नंतर पुढे वाढत राहू शकते आणि भलत्याच लांब नळ्या सापडतात. म्हणजे मोजपट्टी "इथे थांब" सांगते आणि टोपण ते पक्कं करतं. टी४ मध्ये मोजपट्टी प्रथिन २९ आहे, नळीचं टोपण ३ आणि म्यानाचं टोपण १५.

आता मला स्वतःला सर्वात थक्क करणारा भाग. इतकं लांब प्रथिन पेशीच्या गर्दीत उघडं सोडलं तर ते गुंतेल, गोळा होईल. लॅम्डा त्यासाठी जी आणि जीटी अशी दोन प्रथिनं बनवतो. दोन्ही एकाच जागेवरून वाचली जातात. जीचं जनुक संपत आलं की रायबोसोम, म्हणजे जनुकाचा संदेश वाचून प्रथिन बनवणारं पेशीतलं यंत्र, शंभरात तीन-चार वेळा एक अक्षर मागे घसरतो, वाचनाची चौकट बदलते आणि जी न संपता पुढे टी हा भाग जोडला जातो. म्हणजे साधारण तीस जीमागे एक जीटी. हे प्रमाण बिघडवलं की शेपट्या नीट होत नाहीत. जीचा भाग मोजपट्टीला धरून ठेवतो, टीचा भाग नळीच्या प्रथिनाला तिच्याजवळ आणतो. शेपटी तयार झाली की जी आणि जीटी दोघंही निघून जातात, स्लॅब पक्का झाल्यावर सेंटरिंग काढून घेतात तसे.

ही घसरण अपघाती नाही. हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली दाखवलं की लांब शेपटीच्या अनेक फाजमध्ये, जिथे डीएनएची अक्षरं फारशी जुळतही नाहीत तिथेही, मोजपट्टीच्या जनुकाशेजारी अशीच घसरण जपलेली आहे. नवीन फाजचा जनुकसंच हाती आला की सर्वात लांब जनुक शोधायचं. शेपटी लांब असेल तर बहुतेक वेळा तेच मोजपट्टीचं निघतं.

---

शंकेखोर:

कात्सुरांच्या प्रयोगाबद्दल माहीत नव्हतं. मुद्दा मागे घेतो. बाकी सगळं तसंच ठेवून फक्त मोजपट्टी कापणं, याहून सरळ पुरावा मागता येणार नाही.

---

यंत्रविद्या:

माझा पेशा स्प्रिंगा आणि दाबयंत्रांचा. सूक्ष्मदर्शी यांच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. म्यान २३ कड्यांचं, ताणलेल्या स्थितीत जवळपास ९३ नॅनोमीटर, आखडल्यावर चाळिशीच्या आसपास. ही ऊर्जा कुठून येते? स्प्रिंग दाबायला कुणीतरी काम करावं लागतं. इथे ते कुणी केलं? एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं का?

आणि दुसरं. ताणलेली स्प्रिंग तुकड्या-तुकड्याने जोडून बनवणं आमच्या क्षेत्रात कुणी करत नाही. आधी शिथिल स्प्रिंग बनवतात, मग दाबून कुलूप लावतात.

---

सूक्ष्मदर्शी:

यंत्रविद्या, तुमचा दुसरा परिच्छेद हाच या धाग्याचा गाभा आहे. वार करताना एटीपी लागत नाही. ऊर्जा म्यानाच्या प्रथिनांच्या मांडणीत आहे. ताणलेल्या म्यानात एका कड्यावरून दुसऱ्यावर जाताना ४.१ नॅनोमीटरची चढण आणि सुमारे १७ अंशांचा पीळ असतो. आखडलेल्यात चढण १.६ नॅनोमीटर आणि पीळ सुमारे ३३ अंश. प्रत्येक प्रथिनाचा स्वतःचा आकार फारसा बदलत नाही. ती एकमेकांवर सरकतात, वळतात, बाहेरच्या बाजूला पसरतात, आणि नव्या जागी एकमेकांना जास्त घट्ट बिलगतात. त्या घट्टपणातून ऊर्जा मोकळी होते. म्हणजे आखडलेली स्थिती ही या प्रथिनाची आवडीची स्थिती आहे.

त्यात भर अशी: म्यानाचं प्रथिन १८ एकटंच सोडलं, नळी नाही, बैठक नाही, तर तेही नळकांडी बनवतं. आणि त्या नळकांड्यांची मांडणी आखडलेल्या म्यानासारखी असते. म्हणजे त्याला मोकळं सोडलं की ते थेट वार होऊन गेल्यानंतरच्या रूपात जाऊन बसतं.

बेसप्लेटचंही तेच. तुंब्याशिवाय नुसत्या पाचरी एकत्र आणल्या तर सहा पाचरींची चांदणी तयार होते. षटकोन नाही, चांदणी, जी खऱ्या विषाणूत वार झाल्यावर दिसते. षटकोन हवा असेल तर मध्ये तुंबा हवा.

या दोन गोष्टी शेजारी ठेवा. माझ्या मते बांधणीच्या कडक क्रमाचा अर्थ इथे उलगडतो. क्रम चुकला तर शेपटी नुसती वेडीवाकडी होणार नाही. ती जन्मतःच वार करून बसलेली, निरुपयोगी होईल. तुंबा आधी मध्ये आला म्हणून पाचरी षटकोनात अडकतात. बैठक षटकोनी आहे म्हणून म्यानाचं पहिलं कडं ताणलेल्या जागी बसतं. त्यात आत नळी आहेच, आणि पहिलं कडं पाहून दुसरं त्याच ढंगाने बसतं. प्रत्येक नवं प्रथिन जुळताना थोडी ऊर्जा सोडतंच, म्हणून चढत जातं. पण सगळ्यात खालच्या पायरीवर न पोचता ते मधल्या कठड्यावर थांबतं. तुमच्या भाषेत, स्प्रिंग दाबणारा वेगळा कुणी नाही. प्रत्येक वेढा घालतानाच तो ताणलेल्या जागी अडकवलेला आहे आणि सगळ्यांचं मिळून एकच कुलूप आहे, बैठकीत.

कुलूप उघडतं कसं हे २०१६ साली पीटर लायमन यांच्या गटाने क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने बेसप्लेटची वारापूर्वीची आणि वारानंतरची अशी दोन्ही रूपं जवळजवळ अणूंच्या पातळीवर मांडली तेव्हा नीट दिसलं. त्याआधी मायकेल रॉसमन यांच्या प्रयोगशाळेतून या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या प्रतिमांनी पाया घातला होता. बैठक पसरली की तिच्याशी जोडलेलं पहिलं कडं वळतं. शेजारची कडी एकमेकांत हात गुंफून असतात, म्हणून ते वळण वरपर्यंत पोचतं.

माझ्या त्या फसलेल्या नमुन्यात युरियाने हेच केलं होतं. किल्लीशिवाय कुलूप मोडलं होतं.

---

यंत्रविद्या:

समजलं. दोनदा वाचलं. वेढा घालतानाच ताण आणि शेवटी एकच कुलूप. आम्ही असं करत नाही, कारण आमच्याकडे प्रत्येक वेढ्याला स्वतःची जागा ओळखता येत नाही.

---

अक्षरओळख:

पाठ्यपुस्तकात मायोव्हिरिडी, सायफोव्हिरिडी, पोडोव्हिरिडी अशी तीन कुळं असतात: आखडणारी शेपटी, लांब न आखडणारी, आणि आखूड. धाग्यात पहिल्या दोघींचं आलं. तिसरीचं काय? आखूड शेपटीलाही मोजपट्टी असते का?

---

रसायनी:

आधी एक सुधारणा, कारण तुम्ही शिकवता. विषाणूंच्या वर्गीकरणाच्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२२ मध्ये ही तिन्ही कुळं रद्द केली. शेपटीचं रूप सारखं असलं तरी नातं सारखं नसतं हे जनुकसंचांवरून दिसलं. शेपटीवाले सगळे आता कॉडोव्हिरिसिटीस या वर्गात आहेत. मायोव्हायरस वगैरे शब्द फक्त रूप सांगण्यासाठी वापरायला हरकत नाही.

आखूड शेपटीची बांधणी उलटी चालते. टी७ या आखूड शेपटीच्या फाजमध्ये शेपटी वेगळी बनून डोक्याला जोडली जात नाही. डोक्यात डीएनए भरून झाला की ज्या दारातून तो भरला त्याच दाराला ११ आणि १२ ही प्रथिनं थेट लागतात आणि आखूड नळी तयार होते. मग सहा तंतू. मोजपट्टी लागत नाही, कारण मोजण्यासारखी लांबीच नाही. पण एवढी नळी जीवाणूच्या दोन्ही पटलांतून आरपार जायला पुरत नाही. म्हणून डोक्यात साठवलेली १४, १५ आणि १६ ही प्रथिनं संसर्गाच्या वेळी बाहेर पडतात आणि उरलेला बोगदा पूर्ण करतात.

याहून टोकाचं उदाहरण फाय-एक्स १७४. याला शेपटी नाहीच, नुसता गोल कण. २०१४ साली दिसलं की जीवाणूला चिकटल्यावर तो एच नावाच्या प्रथिनाच्या दहा प्रती एकत्र वळून एक नळी उभी करतो आणि तिच्यातून डीएनए आत सोडतो. (लॅम्डाच्या एचशी नाव सारखं, संबंध नाही.) ही नळी लागेल तेव्हाच बनते.

---

सूक्ष्मदर्शी:

आणि उलट टोकाला, डोकं नसलेल्या शेपट्या. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा जीवाणू आर-पायोसिन बनवतो. पायोसिनचा शोध १९५४ साली फ्रांस्वा जेकब यांनी लावला. आर प्रकारचा पायोसिन म्हणजे सरळसरळ आखडणारी फाज शेपटी आहे: बैठक, तंतू, म्यान, नळी सगळं, फक्त डोकं आणि डीएनए नाही. शेजारच्या जीवाणूच्या आवरणाला भोक पाडणं एवढंच काम.

२००६ साली ओळखली गेलेली जीवाणूंची सहाव्या प्रकारची स्राव यंत्रणाही याच घराण्यातली. तिची नळी टी४ च्या नळीसारखी, टोकाचा खिळा ५ आणि २७ सारखा. फरक असा की जीवाणू ती आतून बाहेर मारतो, आणि वार झाल्यावर आखडलेलं म्यान सुटं करून तीच प्रथिनं पुन्हा वापरतो. यंत्रविद्या, एटीपी इथे लागतं: वार करायला नाही, वार झालेलं म्यान उलगडायला. टी४ ला ते करावं लागत नाही, त्याची शेपटी एकदाच चालायची असते.

---

शंकेखोर:

एक शेवटची शंका. डोक्याच्या कोपऱ्यावर पाच बाजू जुळतात, शेपटी सहाची. पाचावर सहा बसतं कसं?

---

रसायनी:

मध्ये बाराचं कडं असतं. त्या कोपऱ्यावर दाराचं प्रथिन बारा प्रतींचं बसतं. बारा म्हणजे सहाची दुप्पट, त्यामुळे खाली शेपटीशी जुळणं सोपं. पाच आणि बाराचं मात्र जुळत नाही. तिथे प्रथिनाच्या लवचीक कडा प्रत्येक जागी थोड्या वेगळ्या वळून तडजोड करतात.

---

पाऊलवाट:

रसायनी यांचा ०.१५ चा आकडा घेऊन मी टी४ वर हिशेब करून पाहिला. मोजपट्टी प्रथिन २९ मध्ये ५९० अमिनो आम्लं असल्याचं दिसलं. ५९० गुणिले ०.१५ म्हणजे ८८.५ नॅनोमीटर. दुसऱ्या बाजूने २३ कडी गुणिले ४.१ म्हणजे ९४ च्या जवळपास. दोन वेगवेगळ्या वाटांनी निघून आकडे इतके जवळ आले तेव्हा मी वही बाजूला ठेवून थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

एक विचारतो. नळीला मोजपट्टी आहे हे पटलं. म्यानाला वेगळी मोजपट्टी आहे का?

---

रसायनी:

नाही. म्यान नळीवर चढतं आणि नळी जिथे संपते तिथे थांबतं. तुमच्या ८८.५ मध्ये दोघांचाही हिशेब आला.